ओट्याच्या वरचा स्पीकर

बटण तिसऱ्यांदा दाबलं, तरी खाली सगळं शांतच. मेकॅनिकने रिमोट उलटा करून सेल तपासले, मग तो जमिनीकडे रोखून पुन्हा दाबला.

“अहो, रोखताय कशाला? बंदूक आहे का ती?” पलंगावरून काका म्हणाले. “रेडिओच्या लहरींवर चालतो म्हणालात ना? भिंतीतून आरपार जातो म्हणालात.”

“जातो काका. खाली काहीतरी अडवतंय.”

“मग जे अडवतंय त्याला जाऊन विचारा. माझ्याकडे काय बघताय?”

काका म्हणजे निवृत्त ड्राफ्ट्समन. मणक्याच्या ऑपरेशननंतर सहा महिने वरच्या खोलीत पडून होते, पण हातातली पेन्सिल काही सुटली नव्हती. मेकॅनिक येण्याआधीच त्यांनी घराचा नकाशा काढून ठेवला होता, मोजमापांसकट. पुढच्या खोलीत ॲम्प्लिफायर, एक स्पीकर जिन्याशी, दुसरा स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर. स्वयंपाकघर बरोबर काकांच्या खोलीखाली. जुना रिमोट ॲम्प्लिफायरसमोर धरला तरच चालायचा, म्हणून हा नवा मागवला होता.

“त्यापेक्षा इथेच एक छोटा स्पीकर लावून देतो,” मेकॅनिकने सुचवून पाहिलं होतं. “ऐकायचंय तुम्हालाच ना?”

“नकाशात दाखवलाय तिथेच,” काका म्हणाले होते.

मेकॅनिक रिमोट घेऊन खाली आला. काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होत्या.

“झालं का हो?” त्यांनी विचारलं. “या वयात गाण्यांचं काय खूळ घेतलंय कोण जाणे. चाळीस वर्षांत एक ओळ गुणगुणले असतील तर शपथ!”

मेकॅनिक हसला आणि पुढच्या खोलीत गेला. रिमोटचा सिग्नल पकडणारी काळी डबी त्याने ॲम्प्लिफायरला जोडून शेजारी ठेवली होती. आता तिथे डबी दिसत नव्हती. स्टीलचा एक डबा मात्र पालथा घातलेला होता, आणि त्याच्याखाली डबी.

“काकू, हा डबा...”

“मीच ठेवलाय. धूळ बसते हो.”

तासभर डोक्याला ताप झाला तो या डब्यापायी. मेकॅनिकने डबा उचलून बाजूला ठेवला. खात्रीसाठी डबीवरचं बटण पुन्हा दाबून धरलं, दिवा लुकलुकायला लागल्यावर रिमोटचं बटण दाबलं. दिवा स्थिर झाला, जोडी जमली. डबीची सिग्नल पकडणारी वायर त्याने भिंतीवर उंच चिकटवली, म्हणजे पुन्हा कोणाला धुळीची काळजी नको.

तो वर आला तेव्हा काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. चादर मुठीत आवळलेली होती.

“द्या,” ते म्हणाले. “लवकर.”

त्यांनी रिमोट जवळजवळ हिसकावूनच घेतला. खाली गाणं सुरू झालं. अंगठा आवाजाच्या बटणावर तसाच दाबलेला, गाणं चढत गेलं, जिन्यातून दणदणत वर आलं. आणि मग काका कण्हले. आत्तापर्यंत टोमणे मारणाऱ्या माणसाच्या तोंडून असला आवाज निघेल असं मेकॅनिकला वाटलं नव्हतं. त्याला पाणी द्यावं की हात धरावा, काहीच सुचेना.

दुसरं गाणं संपता संपता काकांनी कपाळ पुसलं आणि सिस्टीम बंद केली.

“नस दबलीये. दिवसातून तीन-चार वेळा कळ येते, दहा मिनिटांत जाते.”

“काकूंना बोलावू?”

“खबरदार! दोन महिन्यांपूर्वी तिला हार्ट ॲटॅक येऊन गेलाय. जिना चढलीच तर सावकाश, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी ओरडलो की ती धावत सुटणार, आणि नको ते होऊन बसेल. इतके दिवस उशी दातांत धरून काढले. आता नाही जमत. यातलं अक्षर तिच्या कानावर जाता कामा नये.”

“नाही जाणार,” मेकॅनिक म्हणाला. त्याने आजवर शेकडो रिमोट जोडले, पण इतका गरजेचा एकही नव्हता.

खाली येऊन तो अवजारं पिशवीत भरू लागला. काकू हात पुसत बाहेर आल्या. आधी जिन्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

“एक काम होतं. ओट्याच्या वरचा स्पीकर तेवढा बंद करता येईल? जिन्याजवळचा राहू दे. तो वर ऐकू जातो, म्हणजे ह्यांना कळायचं नाही.”

“कशाला काकू? वाजू दे की. तेवढाच त्यांना विरंगुळा.”

“तुम्ही बंद करा हो.”

मेकॅनिकला राग आला. वर एक माणूस हिच्यासाठी दात आवळून पडलाय, आणि हिला दहा मिनिटं गाणं सोसवत नाही! ॲम्प्लिफायरच्या मागे एक वायर काढली की काम झालं असतं. पण तो धडधडीत खोटं बोलला.

“तशी सोय नाही यात. दोन्ही एकदमच वाजणार.”

काकू मटकन खुर्चीत बसल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“एवढा काय त्रास आहे गाण्यांचा?” न राहवून त्याने विचारलं.

“गाण्यांचा नाही हो. ती वाजत असली की ह्यांचं कण्हणं कधी थांबलं ते मला खाली कळत नाही. आणि थांबायच्या आधी मी वर गेले, तर ह्यांना हसावं लागतं.”