साहेबांची जुनी सायकल

"खरं सांग, कुणाची उचललीस?" सायकल ट्रॅकवर हवालदारानं भिवसेन गवंड्याच्या सायकलचं हँडल धरलं. शहराला सायकलचं खूळ लागलं होतं, तशा चोऱ्याही वाढल्या होत्या.

"आमच्या साइटच्या साहेबांनी नवी घेतली, ही जुनी मला दिली."

"फुकट? तुझा मेव्हणा लागतो का तो?"

साहेबांना फोन लावून खात्री होईपर्यंत उशीर झाला. तोवर महागड्या सायकलींवरचे हेल्मेटवाले बिनधास्त गेले. त्यांना कोण अडवतो? साइटवर मुकादमानं बजावलं, "उद्या उशीर केलास तर दुसरा गवंडी आणतो."

संध्याकाळी भिवसेननं सायकलच्या चकचकीत निळ्या रंगावर सिमेंटचं पाणी फासलं, मागं गंजकं घमेलं बांधलं.

सकाळी तोच हवालदार. सायकलकडे ढुंकूनही न पाहता तो खेकसला, "ए गबाळ्या, ट्रॅक सोड! सायकलवाल्यांना जाऊ दे."