तीन वर्षांचा गोलकीपर

पहिला फटका इसूफच्या पॅडवर आदळून बाहेर गेला, तेव्हा सिद्धप्पानं कपाळावरचा घाम पुसला आणि मनातल्या मनात बडेसाबचे आभार मानले.

शेजारच्या खुर्चीवर मिलचे मालक बसले होते. ते मॅचला क्वचितच येत. आज आले ते एका कामासाठी. मिलच्या हॉकी संघाचा गोलकीपर इसूफ, त्याचा करार या महिन्यात संपत होता. तो आणखी तीन वर्षं वाढवायचा की इसूफच्या हातात नारळ द्यायचा, हे आज ठरणार होतं. करार गेला की मिलच्या चाळीतली खोलीही जाणार. त्या खोलीत इसूफच्या दोन पोरी होत्या आणि बायको लालबीचे दिवस भरत आले होते.

सिद्धप्पा मिलचा लेबर ऑफिसर आणि संघाचा सेक्रेटरी. मोडनिंबच्या माळावरून इसूफला उचलून सोलापुरात आणलं ते त्यानंच, त्यामुळे पोटच्या पोरासारखी माया. पण गेल्या साली इसूफचा उजवा गुडघा फिरला आणि फायनलला गोलामागून गोल झाले. तेव्हापासून मालकांचं एकच पालुपद: लंगड्या घोड्याला चंदी किती दिवस घालायची?

म्हणून सिद्धप्पानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. मॅचच्या आधी कुर्डुवाडीला जाऊन तिथल्या संघाच्या बडेसाबला गाठलं. तसला सेंटर फॉरवर्ड सबंध जिल्ह्यात नव्हता. इसूफच्या उजव्या अंगाला मारू नकोस, चेंडू सरळ त्याच्या पॅडवर दे, तीन वर्षांच्या कराराचा, एका घराचा प्रश्न आहे, असं अगदी हात जोडून सांगितलं. बडेसाब मान खाली घालून ऐकत राहिला.

"बघतो साहेब," एवढंच म्हणाला.

आणि माणूस शब्दाला जागत होता. कडेला बसलेल्यांना चेंडू नेमका कुठं चाललाय ते कळत नव्हतं. धुरळा उडायचा, खाडकन आवाज यायचा आणि चेंडू इसूफच्या पॅडला लागून परतायचा. एकदा तर इसूफ त्या दुखऱ्या गुडघ्यावरच कोसळला आणि तरी चेंडू अडला. नाटक करावं तर बडेसाबनं, असं सिद्धप्पाला वाटलं. शेवटचा पेनल्टी स्ट्रोकही बडेसाबनंच मारला. तोही अडला. मिलनं एका गोलानं मॅच जिंकली आणि कामगारांनी इसूफला खांद्यावर घेतलं.

मालक खूश झाले. ऑफिसात येऊन त्यांनी कराराचा कागद पुढ्यात ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले. त्यांची एक जुनी रीत होती. मोठा खर्च असला की ते आपल्या लिंगायत पंथाच्या माणसाला गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून खरं सांगायला लावत. सिद्धप्पाला ती ठाऊक होती, पण एवढं जिंकल्यावर ती पाळी येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"सिद्धप्पा, लिंगावर हात ठेवा आणि सांगा. आज दिसला तो त्याचा खरा खेळ का?"

सिद्धप्पानं सदऱ्याच्या आत हात घातला. मालकांशी खोटं बोलायची त्यानं घरूनच तयारी केली होती. लिंगावर हात ठेवून खोटं बोलायची केली नव्हती. मुंजीच्या वयात दीक्षा झाल्यापासून ते लिंग हातात घेऊन तो कधी असत्य बोलला नव्हता. लालबी डोळ्यांपुढं आली.

"न्हाय, मालक," तो म्हणाला. "गुडघा गेलाय त्याचा. पैसे वाया जातील."

मालकांनी टोपण लावलं. इसूफला आत बोलावून दोन वाक्यांत निकाल सांगितला. इसूफनं सिद्धप्पाकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"साहेब बोलले म्हंजे खरंच असंल की," तो म्हणाला आणि गेला.

पुण्याच्या एका गोलकीपरला बोलावणं धाडायचं कामही सिद्धप्पाकडंच आलं. तार करून तो पोस्टाबाहेर पडला तेव्हा दिवस मावळला होता. पायरीशी बडेसाब उभा होता. नुकताच रोजा सोडला होता, हातात खजूर तसाच. सिद्धप्पाला बघून त्यानं मान खाली घातली.

"साहेब, माफी मागायला थांबलोय. तुमचं काम माज्याच्यानं झालं न्हाय."

सिद्धप्पाला काही उमगेना. काम तर झालं होतं की, असं तो म्हणाला.

"कुटलं साहेब? रोज्याच्या तोंडानं बेइमानी करवंना. एकूण एक फटका उजव्या अंगालाच मारला, जीव तोडून मारला. पर त्यो गडी एक चेंडू सोडंना." बडेसाबनं आता मान वर केली. "मालकांना सांगा, तीन न्हाय, पाच वर्सं ठेवा त्याला."