माले फाट्यावरचा फ्लेक्स

साडेचारच्या एसटीनं शीतल येणार होती आणि त्याआधी गोरखला फ्लेक्स उतरवायचा होता. शिडी लावून तो वर चढला, पकडीनं पहिली तार तोडायला लागला, तेवढ्यात रोहितची गाडी खाली येऊन उभी राहिली.

फ्लेक्स माले फाट्यावर, अगदी रस्त्याच्या तोंडाशी. वीस फूट लांब, दहा फूट उंच. त्यावर सतरा माणसं, आणि त्यातली क्रिकेट खेळणारी एकच. मधोमध बॅट खांद्यावर टाकून उभी असलेली शीतल, डोक्यापासून पायापर्यंत. दोन्ही अंगांना हात जोडलेले गावचे पुढारी भाऊ, भाऊंचे धाकटे भाऊ आणि झाडून सगळे कार्यकर्ते. वर ‘वाघीण निघाली कांगारूंच्या शिकारीला’. खाली ‘ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय महिला संघात निवड झाल्याबद्दल कु. शीतल गोरख कंधारे हिचे हार्दिक अभिनंदन’.

निवड झालीच नव्हती. बंगळूरच्या शिबिरासाठी तीस जणींची यादी लागली, त्यात शीतलचं नाव होतं. यादी गावाच्या ग्रुपवर पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स उभा. तिसातल्या पंधराच जाणार, हे कुणी वाचलं नाही. वाचलं असतं तरी गावाला दम कुठला! शीतलनं फोनवर समजावून सांगेपर्यंत पेढे वाटून झाले होते. फ्लेक्सचं तिला सांगायला गोरखची जीभ रेटली नाही. काल संध्याकाळी टीव्हीवर पंधरा नावं आली. मग तिचा फोन आला, ‘मी येतीया’ एवढाच. सकाळपासून गावातलं एक माणूस घराकडं फिरकलं नव्हतं.

रोहित भाऊंच्या मागंपुढं करणारा, पण मनानं वाईट नव्हे. पेढे वाटताना सगळ्यांत जास्त तोच नाचला होता. त्यानं गोरखला हात जोडले. रविवारी भाऊंचा वाढदिवस, सगळे पाहुणे याच रस्त्यानं येणार, आणि चार दिवस आधी भाऊंचा फोटो खाली उतरवला तर भाऊ त्याला उभा सोलतील, असं त्याचं म्हणणं. गोरख म्हणाला, सोमवारी काय करायचं ते कर बाबा, आज माझी पोर या फाट्यावर उतरणार हाय. दोघांचं बराच वेळ तेच ते चाललं. शेवटी रोहितनंच तोड काढली आणि खिशातून कटर काढून वर दिला.

“काका, तिला तेवढी काढा. बाकीचं ऱ्हाऊ द्या.”

गोरखला ते फार लागलं. काल त्या निवडवाल्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? पण एसटीला वीस मिनिटं उरली होती. त्यानं कटर घेतला.

चौकोनी कापावं तर भाऊंचं कोपर जात होतं. म्हणून कडेकडेनं कापायचं ठरलं. बूट झाले, पॅड झाले, बॅट झाली. खांद्यापर्यंत हात भराभर चालला. धड सुटून वाऱ्यावर फडफडायला लागलं आणि हनुवटीपाशी येऊन गोरख थांबला. कानाजवळ केसांची एक बट उडालेली होती. ती आत धरायची का बाहेर, तेच त्याला कळेना. डोळे भरून आले. एकदा बाहीनं पुसले, परत भरले. तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

शीतल उतरली. कीटबॅग खाली ठेवून तिनं वर बघितलं. गोरखनं घाईघाईनं सांगितलं, वाऱ्यानं फाटलाय, नीट करतोय. रोहितनं मोबाइलमध्ये तोंड घातलं.

“मला पहिल्याच दिवशी फोटो आला हुता ह्याचा,” शीतल म्हणाली. “रोहितनंच धाडला हुता.”

“मग बोलली का न्हाईस?”

“काय बोलू? तुमी सगळी एवढी खूश. बॅट हातात घेतली की ह्योच दिसायचा, आबा. परत्येक बॉलला.”

तीन आठवडे डेअरीला दूध घालायला जाताना गोरख इथं सायकल थांबवायचा आणि मान वर करून बघत राहायचा. आता तोच फ्लेक्स भाऊंसकट टराटरा फाडावा असं त्याला वाटलं. तो एकेक पायरी खाली आला. शीतलनं कटर मागितला. तो देईना, तर तिनं हातातून काढून घेतला.

“तोंड तुमच्यानं व्हायचं न्हाई. शिडी धरा.”

ती वर गेली. हात जरासुद्धा न हलू देता तिनं आपली हनुवटी कापली, गाल कापला, कान, केस. सगळा तुकडा धाडकन गवतावर पडला. रोहित धावला आणि चेहऱ्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून गुंडाळायला बसला.

काम झालं होतं, पण शीतल उतरेना. ती फ्लेक्समागच्या आडव्या बांबूला कपाळ टेकून तशीच उभी राहिली. पलीकडं कापणी झालेली भातखाचरं दिसत होती. फोटो माणसाच्या दीडपट केलेला, त्यामुळे भोक तिच्या डोक्याच्या वरही उरलं होतं आणि पायांच्या खालीही. दोन्हीकडून सगळे तिच्याकडं हात जोडून हसत होते. तिचे खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. एकोणीस वर्षांची पोर.

गोरखनं शिडी दोन्ही हातांनी धरली होती.

“उतर, बाळा,” तो म्हणाला. “खालनं लई बारकी दिसतीस गं.”