सुटकेची नोंद

आयर्लंडच्या नागरिकत्वाच्या अर्जासाठी नेत्राने नवऱ्याच्या जुन्या अटकेची कागदपत्रं मागवली. सहा वर्षांपूर्वी वॉटरफोर्डजवळच्या एका गावात पोलिसांनी विद्याधरला भलताच माणूस समजून पकडलं होतं आणि तासाभरात सोडूनही दिलं होतं.

कागद आले. त्यांत अटकेची वेळ होती, कोठडीचा नंबर होता. सुटकेची नोंद मात्र नव्हती.

तिने लगेच त्या ठाण्यात फोन लावला. विद्याधर शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होता.

“नोंद कशी असेल?” पलीकडची पोलीस बाई शांतपणे म्हणाली. “ते इथेच आहेत. रोज तुमची चौकशी करतात.”

“अहो, माझा नवरा घरी आहे!”

“थांबा, देते त्यांना.”

“नेतू?” आवाज विद्याधरचाच होता, फक्त फार थकलेला. “अगं, किती उशीर! बाहेर आलीयेस ना?”

नेतू. गेल्या सहा वर्षांत तिला या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. दार उघडलं.

“ठेव तो फोन,” दारातला माणूस हळूच म्हणाला.

कानात “नेतू, नेतू” चालूच होतं. तिने फोन ठेवला.