फळ्यावरचं नाव

हरणाबाईनं फळ्याकडं बघितलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आजही तिथं शाझियाचंच नाव होतं.

कुपवाडच्या त्या हळदीच्या कारखान्यात पहिल्यापासूनची रीत होती. हळकुंडांत नको ते काही सापडलं की थाळीत ठेवायचं आणि ज्याला सापडलं त्याचं नाव फळ्यावर लिहायचं. एकोणीस वर्षं तिथं हरणाबाईचंच नाव असायचं. खिळा म्हणा, तार म्हणा, खडा म्हणा, तिच्या बोटांतून काही सुटायचं नाही. गिऱ्हाईक आलं की मालक विश्वजितदादा आधी फळा दाखवायचे, मग हळद. तिला वाचता यायचं ते स्वतःचं तेवढं एक नाव. आता दुसरंही ओळखू यायला लागलं होतं.

साताऱ्याची ही शिकलेली पोर आली आणि सगळं बिघडलं. जुना काळा चुंबक मोठे खिळे तेवढे धरायचा. हिनं चक्कीच्या तोंडाशी नव्या जातीच्या चुंबकाच्या चकचकीत नळ्या बसवल्या. बोटाएवढ्या जाड, पण जोर असा की डोळ्याला न दिसणारा लोखंडाचा कीसही दाढीसारखा चिकटून बसायचा. शाझिया तो पुसून थाळीत ठेवायची आणि फळ्यावर लिहायची. वर लय गोड बोलायची मेली, सारखं मावशी मावशी करायची. त्यानं तर हरणाबाईचा जास्तच जळफळाट व्हायचा. त्यात कुणीतरी म्हणालं, आता हरणाबाई बसायची ते हातानं हळद निवडायचं टेबलच काढणार.

मग तिनं घरच्या बैलाच्या माळेतलं एक पितळी घुंगरू कनवटीला लावून आणलं. आतली गोळी पडून ते कधीच मुकं झालेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं ते नळीला लावून बघितलं. चिकटलं नाही, खाली पडलं. झालं तर मग. दुपारी दादा आले तसं तिनं ते सरकत्या पट्ट्यावरच्या हळकुंडांत हळूच सोडलं. चक्कीत खडखडाट झाला की शाझियाचं तोंड बघण्यासारखं होणार होतं.

तेवढ्यात दादांनी टेबलाचा विषय काढला. शाझियानं मान हलवली.

"टेबल काढू नका, दादा. चुंबकाला लोखंड तेवढं कळतं. पितळ, काच, खडा मावशींच्याच हाताला कळतो. त्या आहेत म्हणून मी निवांत आहे."

हरणाबाईनं पट्ट्याकडं बघितलं. घुंगरू चक्कीपासून दोन हातांवर होतं. ती धावली, लाल बटन दाबून तिनं पट्टा थांबवला, कोपरापर्यंत हात हळकुंडांत घातला आणि ते बाहेर काढलं.

दादा बघतच राहिले. शाझिया तर हरखूनच गेली. तिनं आपलं नाव पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: पितळी घुंगरू, हरणाबाई.

इतके दिवस ज्यासाठी जीव तळमळत होता ते समोर होतं. हरणाबाईला तिकडं बघवेना. घुंगरू तिच्या पिवळ्या मुठीत गच्च होतं.

"पोरी, खडू ठिवू नगंस," ती म्हणाली. "टाकलं कुणी, त्येबी लिव. नाव त्येच हाय."