रिमवरची काजळी

घराच्या ओटीवरच्या दुकानात मिस्त्रीने सायकलचं चाक मांडीवर आडवं घेतलं आणि स्पिरिटचा बोळा रिमवरून फिरवला. बोळा काळाकुट्ट झाला. दुसरा घेतला, तोही तसाच.

"फार किंचाळते हो," स्टुलावर बसलेला शिंपी म्हणाला. "ब्रेक दाबला की अख्खी गल्ली वळून बघते. आणि एवढा तमाशा करून थांबत नाही ती नाहीच."

"थांबेल कशी? ब्रेकचं रबर जिथे घासतं, नेमकं त्या पट्टीवर कुणीतरी फर्निचरचं पॉलिश चोळलंय."

'कुणीतरी' म्हणताना मिस्त्रीची जीभ अडखळली. सायकल दारात आली तेव्हाच त्याने ती ओळखली होती. त्याच्या धाकट्या भावाची. भावाला चकाकीची भारी हौस, रिममध्ये बघून भांग पाडता आला पाहिजे म्हणायचा. "बाकी काय हवं ते चमकव, ती पट्टी तेवढी कोरडी ठेव," असं मिस्त्रीने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. ऐकेल तर शपथ. मग एका संध्याकाळी पुलाच्या वळणावर ब्रेक नुसताच किंचाळला. सायकल कठड्यात अडकलेली सापडली. भाऊ नदीत गेला, तो सापडलाच नाही.

आईने ते मानलं नाही. "कुणी पाहिलंय त्याला? मग कशावरून बोलता?" म्हणायची. ती सायकल मिस्त्रीला डोळ्यांसमोर नकोशी झाली. त्याने आईच्या नकळत ती जुन्या बाजारात देऊन टाकली.

आणि काही दिवसांनी, दिवेलागणीला, घराच्या कोपऱ्यावर तीच किंचाळी आली. मिस्त्रीच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला. मग त्याचं त्यालाच हसू आलं. ज्याने सायकल घेतली तो इथून जात असणार, दुसरं काय! पण आत आईने ताट वाढायला घेतलं होतं. "आला," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज हेच. कोपऱ्यावर आवाज, आत ताट. आईची नजर जवळजवळ गेली होती, पण त्या वेळी तिचा चेहरा उजळायचा. स्वयंपाकघरात ती गप्पा मारत बसायची आणि स्वतःही पोटभर जेवायची. मिस्त्री कधी बाहेर डोकावला नाही. कोण जातंय ते बघून करायचं काय? आवाज बंद पडला तर आई अन्नाला शिवणार नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि आज ते चाक त्याच्याच मांडीवर होतं. तसंच ठेवावं, तर हा शिंपी कधीतरी आपटणार. साफ करावं, तर आई जाणार. मिस्त्री बराच वेळ नुसता बोळा पिळत बसला. मग त्याने सँडपेपर उचलला आणि दात-ओठ खात ती पट्टी घासून काढली. एक गेला तेवढा पुरे, असं त्याच्या मनात आलं. रबरावरचा गुळगुळीत थरही त्याने खरवडला. चाक फिरवून रबर दाबून पाहिलं. चाक जागच्या जागी थांबलं. आवाज नाही.

"वा!" शिंपी खूश झाला.

"मागचं चाक बाकी आहे, उद्या न्या," मिस्त्री म्हणाला. आत ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज खाली आणला. "एक विनंती होती. रोज संध्याकाळी या कोपऱ्यावरून जाता, तेव्हा घंटी वाजवत जा. आमच्या आईला बरं वाटेल."

"मी?" शिंपी बघतच राहिला. "अहो, मी या बाजूला आज पहिल्यांदा येतोय. संध्याकाळी मला मशीनवरून उठायची सोय नसते. सकाळी दोरे-बटणं आणायला जातो, तेवढीच काय ती सायकल. बाकी वेळ अंगणात कुलपात." मग डोकं खाजवत तो म्हणाला, "म्हणून तर मला कळत नाही. संध्याकाळी रिम पुसून ठेवावी, तर सकाळी पुन्हा ही काजळी."

शिंपी गेला. मिस्त्रीने सायकलचा सांगाडा खुंटीला टांगला आणि दोन्ही चाकं स्वतःच्या पायांशी ओढून घेतली. सायकल इथे आल्याचं त्याने आईला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुठल्या तोंडाने?

समोरच्या घरात दिवा लागला. मिस्त्रीचे कान कोपऱ्याकडे लागले. आवाज यावा, असं आज पहिल्यांदाच त्याला मनापासून वाटत होतं. आला तर ती दुसऱ्याच कुणाची तरी सायकल म्हणायची आणि सुटायचं. एक सायकल आली, मुकाट्याने वळून गेली. मग दुसरी गेली. गल्लीत अंधार पडला. किंचाळी काही आली नाही.

म्हणजे रोज किंचाळायची ती हीच सायकल. आता आत जाऊन आईला काय सांगायचं? तो उठला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात ताट वाजलं.

"अरे, त्याची सायकल कशाला अडकवून ठेवलीस?" आई आतून रागावून म्हणाली. "चालत यावं लागलं बघ पोराला. टॉवेल आण आधी, नुसता निथळतोय."