अम्मीची चिठ्ठी

ए, आधी ऐक, मग बोल.

सौदामिनी मिस लातूरहून नांदेडच्या शाळेत नवीनच आलेल्या. आठवीला चित्रकला. त्यांनी पोरांना सांगितलं, घरातले हातानं लिहिलेले जुने कागद आणा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर थरांचं चित्र करायचं. तळाला कागदाचे तुकडे, त्यावर पातळ पांढरा रंग, मग कापड, दोरा, बटणं.

पोरं कागद घेऊन आली, पण फाडायचं कोणाला जमेना. कागदाला घड्या घालत नुसती बसली. मिस हसल्या, "अरे, भ्यायलात काय? रद्दीच हाय की!" आणि पहिल्या बाकावरच्या मनतशाची चिठ्ठी उचलून टराटरा फाडली. चार तुकडे केले, फेविकॉलनं चिकटवले, वरून ब्रश फिरवला.

"बघा, किती सोपं!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मनतशानंही.

मग तिनं हळूच विचारलं, "मिस, खालचं परत दिसतं का?"

"दिसतं थोडंफार. का गं?"

"अम्मीचं अक्षर हाय. मी वर लावणार होते, सगळ्यात शेवटी."

मागून शिवम बोलला, "मिस, तिची अम्मी वारली न्हाई का उन्हाळ्यात. कपडे शिवायची."

बादलीतलं फडकं पिळून मिस रंग पुसायला लागल्या. आणि खरंच, खालून अक्षरं वर आली. मनतशाचा कुर्ता. उंची चौतीस. बाही सोळा. दोन बोटं जास्तीची ठेवायची, पोर वाढायली.

मिसला वाटलं, वाचलं बाई! त्यांनी अजून एक हात फिरवला. पण शाईच ना ती. चौतीस गेलं, बाही गेली.

"नका पुसू मिस! चालली ती!"

मिस थांबल्या तवर पुठ्ठ्यावर नुसते ओले तुकडे उरले होते. फडक्यावर निळा डाग.

"मनतशा, मी..." मिसनी फडकं बादलीकडं नेलं.

पोर रडली न्हाई गं. तिनं हात पुढं केला. "ते फडकं द्या ना मिस. धुऊ नका."

मिसनी दिलं. तिनं बारीक घडी घातली, कंपासपेटीत ठेवली. पेटीचं झाकण लागेना, तर दोन्ही हातांनी दाबून धरली. घंटा झाली तरी तशीच.

सांग आता, मिसच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?